गेम खेळताना प्रोसेसर १०० अंशांवर, पेस्ट बदलूनही फरक नाही

फ्रेमड्रॉप:
मशीन असं आहे: कोअर आय७ १२७००के, झेड६९० बोर्ड, एका टॉवरचा एअर कूलर (चार हीट पाइप, १२० मिमीचा एक पंखा), आरटीएक्स ३०७०, ३२ जीबी डीडीआर४. कॅबिनेटला पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. ओव्हरक्लॉक केलेलं नाही, एक्सएमपी (रॅमचं वेगाचं प्रोफाइल) तेवढं चालू आहे.

गेम सुरू झाला की तापमान ९५ च्या वर जातं आणि मग १०० ला टेकून राहतं. परफॉर्मन्स कोअर (प्रोसेसरचे वेगवान कोअर) ४.७ गिगाहर्ट्झवरून ४.२ पर्यंत खाली येतात, एफपीएस (सेकंदाला फ्रेम) १४० वरून ९० वर आदळतो, परत वर जातो. खोलीत ३१ अंश आहे. नुसतं डेस्कटॉपवर असताना ४२ ते ४५.

जाळ्या आणि कूलरच्या पट्ट्यांमधली धूळ काढली, प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट नवी लावली, कूलरचा पंखा कायम १०० टक्क्यांवर ठेवून पाहिला. फरक दोन अंशांचा. कूलर आधीच्या एलजीए १२०० सॉकेटच्या बोर्डवरून काढून इथे लावलाय, तिथे आय५ १०४०० गेममध्ये ६५ च्या पुढे जात नव्हता. कूलर कमी पडतोय, की आणखी काही?

टर्बोशेठ:
१२७००के ला सिंगल टॉवर म्हणजे चेष्टा आहे. ३६० मिमी रेडिएटरचा लिक्विड कूलर लावा, विषय संपला.

उष्मागतिक:
विषय एवढ्यात संपत नाही. वॅट कळल्याशिवाय नुसत्या तापमानावरून काहीच सांगता येत नाही. १०० अंश आणि १९० वॅट असतील तर कूलरचा दोष नाही, तो बिचारा ताकदीबाहेर राबतोय. १०० अंश आणि ९० वॅट असतील तर मात्र उष्णता कूलरपर्यंत पोचत तरी नाहीये किंवा कूलरमधून बाहेर तरी पडत नाहीये. या दोन दुखण्यांवर औषधंही वेगळी आहेत. १२७००के ची टर्बो मर्यादा १९० वॅट असली तरी गेममध्ये हा प्रोसेसर साधारण ७० ते ११० वॅटच घेतो. सगळे कोअर एकदम पिळून काढणारा गेम क्वचितच असतो. लोडिंगच्या वेळी शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) कंपाइल होतात तेव्हा काही मिनिटं सगळे कोअर भरतात, तो काळ मोजणीत धरू नका.

एचडब्ल्यूइन्फो (सेन्सरचे आकडे दाखवणारा प्रोग्राम) ‘सेन्सर्स ओन्ली’ मध्ये उघडा. दुसरं कुठलंही मॉनिटरिंग, बोर्डबरोबर आलेलं आरजीबीचं सॉफ्टवेअरसुद्धा, तोवर बंद ठेवा, कारण दोन प्रोग्राम एकाच सेन्सरला एकदम विचारायला लागले की आकडे भलतेच येतात. गेम एकाच जागी उभा करून २० मिनिटं चालू द्या, पहिल्या पाच मिनिटांनंतर कमाल आकडे रीसेट करा. मग एवढं लिहा:

– सीपीयू पॅकेज पॉवर (प्रोसेसरचे एकूण वॅट), सरासरी
– कोअर मॅक्स (सगळ्यात गरम कोअरचं तापमान), सरासरी आणि कमाल
– कोअर थर्मल थ्रॉटलिंगसमोर (तापल्यामुळे वेग कमी करणं) ‘यस’ आलंय का
– व्हीकोअर (कोअरचं व्होल्टेज)
– कूलरच्या पंख्याचे आरपीएम

याशिवाय दोन गोष्टी. एक, कॅबिनेटची बाजूची झडप काढून हीच चाचणी पुन्हा. दोन, लोड चालू असताना कूलरच्या वरच्या पट्ट्यांना कडेने बोट लावून बघा, पंख्यापासून लांब. गरम आहेत की कोमट?

आणखी एक: लोड पडल्यावर तापमान कसं चढतं? दोन-तीन सेकंदांत ४५ चं ९० होतं, की दहा मिनिटं हळूहळू?

फ्रेमड्रॉप:
झडप लावून: पॅकेज पॉवर सरासरी ९२ वॅट, कोअर मॅक्स सरासरी ९७, कमाल १००, थ्रॉटलिंग ‘यस’, व्हीकोअर १.२६ च्या आसपास, पंखा १७५० आरपीएम.
झडप काढून: ९४ वॅट, सरासरी ९४, कमाल ९९.
पट्ट्या कोमट आहेत, बोट आरामात राहतं. तापमान चढतं ते जवळजवळ लगेच, तीन सेकंदांत ८८, मग तिथून हळू.

उष्मागतिक:
मग उत्तर जवळपास मिळालंच. ९२ वॅटला एका टॉवरचा बरा कूलर, ३१ अंशांच्या खोलीत, ७२ ते ७८ मध्ये ठेवायला हवा. तुमचे वीस-पंचवीस अंश जास्त आहेत.

झडप काढून फक्त तीन अंश उतरले, म्हणजे कॅबिनेट निर्दोष. तिथे दम कोंडत असता तर आठ-दहा अंश सहज उतरले असते. पट्ट्या कोमट आणि कोअर १०० वर, याचा अर्थ उष्णता प्रोसेसरच्या टोपीतून (चिपवरच्या धातूच्या झाकणातून) कूलरच्या तळात जातच नाहीये. हवेची अडचण असती तर पट्ट्यांवर बोट टेकवलं नसतं. तीन सेकंदांत ८८ ही तिसरी खूण. कूलरच्या धातूला तापायला मिनिटं लागतात, त्यामुळे सेकंदांत होणारी उडी ही नेहमी सिलिकॉन ते कूलरचा तळ या टप्प्यातली असते. प्रचंड वॅट असले तरी अशी उडी येते, पण तुमचे वॅट साधे आहेत.

म्हणजे बसवण्यात खोट आहे. पेस्ट बदलून फरक पडला नाही तो यामुळेच, कारण कूलर परत त्याच पद्धतीने, त्याच दाबाने बसला.

तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला खटकलं. कूलर एलजीए १२०० वरून आणलाय. एलजीए १७०० चा, म्हणजे तुमच्या आत्ताच्या सॉकेटचा, कूलर बसवायचा नवा किट लावलात का?

खटपट्या:
मीही हेच विचारणार होतो. एलजीए ११५x आणि १२०० ला कूलरची भोकं ७५ मिमी अंतरावर असतात, १७०० ला ७८ मिमी. बहुतेक १७०० बोर्डांवर जुना किट बसतच नाही, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही. पण काही झेड६९० बोर्डांवर उत्पादकाने सोय म्हणून दोन्ही भोकं दिली आहेत. जुना किट त्यात बिनतक्रार बसतो, स्क्रू शेवटपर्यंत फिरतात, सगळं ठीक वाटतं. गोम उंचीत आहे. १७०० च्या प्रोसेसरची टोपी बोर्डपासून १२०० पेक्षा पाऊण मिलिमीटरच्या आसपास खाली असते. जुने स्टँडऑफ (कूलर ज्यांवर बसतो ते खांब) तेवढे जास्त उंच पडतात, स्क्रू स्टँडऑफवर टेकून थांबतो आणि स्प्रिंग पुरती दबतच नाही. कूलर हलत नाही, पण दाबतही नाही. पाऊण मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण नीट बसलेल्या कूलरखाली पेस्टचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ असतो.

कूलर काढून पेस्टचा ठसा बघा. काढण्याआधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट मऊ करा, मग बंद करून वीज काढा. १७०० ला प्रोसेसर लॅचखाली (सॉकेटच्या धातूच्या पकडीखाली) असतो, त्यामुळे एएम४ (एएमडीचं एक सॉकेट) सारखा कूलरला चिकटून उपटून येत नाही, तरी सरळ वर ओढू नका, थोडा डावी-उजवीकडे फिरवून सोडवा.

फ्रेमड्रॉप:
बोर्डवर दोन्ही भोकं आहेत, आणि कूलर ७५ च्या भोकांतच आहे. १७०० चा किट बॉक्समध्ये नव्हता, कूलर त्याआधीचा आहे. ठसा असा: टोपीच्या दोन्ही टोकांना पेस्ट बऱ्यापैकी दबलेली, मधोमध जाड राखाडी थर, त्यावर नखाने ओरखडा काढता येतो एवढा. तळावर हीट पाइपच्या मधल्या खाचांत पेस्ट भरलेली नाही, खाच उघडी दिसते.

खटपट्या:
मधोमध नखाने ओरखडा निघतो म्हणजे तिथे दाब जवळपास नाहीच. चिप नेमकी त्या मधल्या भागाखाली आहे.

टोकांना दाब आणि मध्ये पोकळी, हे १७०० चं घरचंच दुखणं आहे, किट चुकीचा नसला तरी थोडं असतं. या सॉकेटची लॅच प्रोसेसरला लांब बाजूंच्या मध्यावर दोनच ठिकाणी दाबते. प्रोसेसर लांबट असल्याने टोपी मध्ये किंचित खोलगट होते. नीट दाब असलेला कूलर हे बरंचसं निभावून नेतो. तुमच्याकडे दाबच नव्हता, म्हणून दोन्ही दोष एकावर एक आले.

कूलरच्या उत्पादकाच्या साइटवर मॉडेल टाकून एलजीए १७०० किट शोधा. बरेच उत्पादक तो वेगळा देतात. दुसऱ्या कूलरचा किट ‘साधारण तसाच दिसतो’ म्हणून घेऊ नका, स्टँडऑफची उंची आणि आडव्या पट्टीचा बाक प्रत्येकाचा वेगळा. वॉशर घालून किंवा स्टँडऑफ घासून उंची जुळवण्याचे सल्ले नेटवर मिळतील. तिकडे जाऊ नका, दाब एका बाजूला जास्त झाला तर सॉकेटच्या पिना वाकतात आणि मग बोर्डच बदलावा लागतो.

बसवताना:

जुनी पेस्ट ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. टोपीवर बोट लागलं तर परत पुसा. तुमच्या कूलरचे पाइप थेट टोपीला टेकणारे आहेत, तेव्हा पाइपमधल्या खाचांत आधी थोडी पेस्ट चोळून त्या सपाट करून घ्या, जास्तीची कार्डाने काढा. मग टोपीवर मध्यभागी ४ ते ५ मिमीचा थेंब आणि चार कोपऱ्यांकडे तांदळाच्या दाण्याएवढे चार. १७०० ची टोपी लांबट आहे, एकच थेंब टाकला तर टोकं कोरडी राहतात. बोटाने पसरवत बसू नका, हवेचे बुडबुडे अडकतात.

कूलर सरळ खाली ठेवायचा, ठेवल्यावर उचलून परत ठेवायचा नाही. दोन स्क्रू असतील तर एका बाजूला दोन फेरे, दुसऱ्या बाजूला दोन फेरे, असं आळीपाळीने, थांबेपर्यंत. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतलात तर पेस्ट एका बाजूला सरकते आणि तिरकाच दाब राहतो. स्क्रू थांबला की पुरे.

पंख्याची दिशाही तेवढ्यात बघून घ्या. हवा मोटर धरून ठेवणाऱ्या काड्यांच्या बाजूने बाहेर पडते. ती बाजू पट्ट्यांकडे असायला हवी, आणि पट्ट्यांतून निघालेली हवा मागच्या पंख्याकडे.

टर्बोशेठ:
आणि ती काँटॅक्ट फ्रेम? लॅच काढून ती लावली की टोपी सपाट राहते म्हणतात.

खटपट्या:
राहते, पण आत्ता नको. चांगल्या बसलेल्या कूलरवर फ्रेमने साधारण ३ ते ७ अंश मिळतात, इथे वीसचा प्रश्न आहे. लॅचचे टी२० स्क्रू काढल्यावर प्रोसेसर मोकळा पडतो, पिनांवर घसरला तर संपलं. फ्रेम जास्त आवळली की रॅमचा एक चॅनेल दिसेनासा होतो किंवा मशीन सुरूच होत नाही. मूळ लॅच काढल्यावर वॉरंटीवर हरकत येऊ शकते, तेही आहेच. आधी किट, मग मोजणी, मग वाटलं तर फ्रेम.

आणि तुमच्या लिक्विडबद्दल: ते ७५ च्या भोकांत लावलं असतं तर तेही १०० लाच टेकलं असतं.

पंखेवाला:
लिक्विडचा विषय निघालाच आहे तर, ज्यांच्याकडे ते आहे आणि तापमान अचानक वाढलंय त्यांनी आधी पंपाचे आरपीएम बघावेत. पंप ‘एआयओ पंप’ हेडरवर (बोर्डवरच्या जोडणीवर) आणि पूर्ण वेगावर हवा. तो प्रोसेसरच्या पंख्याच्या कर्व्हवर (तापमानाप्रमाणे वेग ठरवणाऱ्या आलेखावर) टाकला की कमी लोडला जवळपास थांबतो. एक नळी कडक गरम आणि दुसरी अगदी गार असेल तर पाणी फिरत नाहीये. रेडिएटर पुढे लावला असेल तर त्याचा वरचा कडा पंपापेक्षा वर हवा, नाहीतर हवेचा फुगा पंपात जाऊन बसतो आणि गुळगुळ आवाज येतो.

फ्रेमड्रॉप:
किट मागवून बसवला. तोच गेम, तीच जागा, झडप लावून: ९५ वॅट, सरासरी ७५, कमाल ८१, थ्रॉटलिंग ‘नो’. परफॉर्मन्स कोअर ४.७ वर स्थिर, एफपीएसचे हिसके गेले. पट्ट्या आता चांगल्या गरम लागतात.

पण सिनेबेंच आर२३ (सगळे कोअर भरणारी चाचणी) दहा मिनिटं लावला तर अजूनही १०० आणि थ्रॉटलिंग ‘यस’. पॅकेज पॉवर सुरुवातीला २१०, मग १८० च्या आसपास उतरते. स्कोअर २१,८००. व्हिडिओ एन्कोडिंग कधीकधी करतो म्हणून विचारतोय.

उष्मागतिक:
आता हे दुसरं दुखणं, वॅटचं. २१० दिसतात म्हणजे बोर्डने मर्यादा काढून टाकली आहे. बायॉसमध्ये पीएल१ आणि पीएल२ (सतत आणि थोडा वेळ घेता येणाऱ्या वॅटच्या मर्यादा) समोर ‘ऑटो’ असेल, आणि ऑटोचा अर्थ बऱ्याच झेड बोर्डांवर ४०९५ वॅट, म्हणजे मर्यादाच नाही. काही बोर्डांवर पहिल्यांदा सुरू करताना ‘कूलर कुठला’ असं विचारतात आणि वॉटर कूलर निवडलं की हेच होतं.

तुमच्या कूलरला सततचे १४० वॅट झेपतील. पीएल१ आणि पीएल२ दोन्ही १४० करा. गेमवर काही परिणाम होणार नाही, गेम ९५ च घेतोय. सिनेबेंचमध्ये स्कोअर थोडा उतरेल, दहा टक्क्यांच्या आत. शेवटच्या दोन-तीनशे मेगाहर्ट्झसाठी हे प्रोसेसर वॅट अक्षरशः उधळतात.

त्यानंतर हवं तर व्होल्टेज. ऑफसेट (मूळ व्होल्टेजमधली कपात) उणे ०.०२५ व्होल्टपासून सुरू करा, प्रत्येक पायरीला सिनेबेंच आणि तासभर गेम. उणे ०.०५० बहुतेकांना चालतं, ०.०७५ सगळ्यांना नाही. इथे एक फसवणूक होते: काही बोर्डांवर करंट एक्स्कर्शन प्रोटेक्शन (व्होल्टेज कमी पडलं की प्रोसेसरला आतून मंदावणारं संरक्षण) चालू असतं. ऑफसेट जास्त झाला की मशीन अडकत नाही, क्लॉकही तोच दिसतो, तापमान मस्त उतरतं, आणि स्कोअर गुपचूप पडतो. म्हणून प्रत्येक पायरीला स्कोअर लिहून ठेवा. वॅट तेवढेच ठरवलेले असताना स्कोअर वाढायला हवा. उतरला तर मागची पायरी बरोबर होती.

फ्रेमड्रॉप:
१४० वॅट, ऑफसेट उणे ०.०५०. सिनेबेंच दहा मिनिटं: सरासरी ८७, कमाल ९०, स्कोअर २१,१००. ऑफसेट न देता १४० ला २०,३०० आला होता. गेममध्ये ८२ वॅट, सरासरी ७०.

कोअर_कचेरी:
याच धाग्यात विचारतो. एएमडी रायझन ७ ५८००एक्स, दोन टॉवरचा एअर कूलर, गेममध्ये ८० ते ८३, वॅट फक्त ७५ ते ८५. वरच्या हिशोबाने माझाही कूलर नीट बसलेला नाही का? शिवाय ब्राउझर उघडला तरी तापमान ४५ वरून ६२ वर उडी मारतं आणि पंखा भुर्रकन फिरतो.

उष्मागतिक:
वरचा हिशोब रायझनला जसाच्या तसा लावू नका. ५८००एक्स चे आठही कोअर एकाच लहान चिपलेटमध्ये (सिलिकॉनच्या तुकड्यात) आहेत, आणि तो टोपीच्या मधोमध नाही, एका बाजूला आहे. एवढ्याशा जागेतून ८० वॅट काढायचे म्हणजे कूलर केवढाही असो, कोअर आणि टोपी यांच्यातच बरेच अंश जातात. ८३ ठीक आहे, त्याची मर्यादा ९० आहे. पट्ट्यांना बोट लावायची चाचणीही इथे अर्धीच उपयोगी, पट्ट्या कोमटच लागतील.

कमी करायचं तर बायॉसमध्ये पीबीओ (एएमडीची बूस्टची सेटिंग) मध्ये जाऊन कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज उतरवणारा पर्याय) सगळ्या कोअरना उणे १०, टिकलं तर उणे १५. अस्थिरता इथे लोडखाली दिसत नाही, मशीन रिकामं असताना एक कोअर उंच क्लॉक मारतो तेव्हा रीस्टार्ट होतं, म्हणून रात्रभर नुसतं चालू ठेवूनही बघा. पीपीटी (प्रोसेसरच्या वॅटची मर्यादा) मूळ १४२ वॅट असते, ती ११० केली तरी गेममध्ये कळणार नाही. ६५ वॅटचा इको मोड ती ८८ वर आणतो.

पंखेवाला:
ब्राउझरच्या उड्या रायझनमध्ये नेहमीच्याच आहेत, एक कोअर क्षणभर बूस्ट घेतो आणि सेन्सर सगळ्यात गरम जागा दाखवतो. तिथे दोष पंख्याच्या कर्व्हचा. कर्व्ह ६५ अंशांपर्यंत सपाट ठेवा, ३५ ते ४० टक्क्यांवर. मग ७५ ला ६० टक्के, ८५ ला १००. स्टेप-अप टाइम असा पर्याय असेल तर तीन ते पाच सेकंद द्या, म्हणजे क्षणिक उडीला पंखा दचकत नाही. पंखा चार पिनी असेल तर हेडर पीडब्ल्यूएम (वेगळ्या पिनेवरून वेगाचा संकेत) वर, तीन पिनी असेल तर डीसी (व्होल्टेज बदलून वेग) वर. तीन पिनी पंखा पीडब्ल्यूएम वर राहिला तर कर्व्ह कितीही बदला, तो पूर्ण वेगानेच फिरणार.

आणि कूलर कधी काढायचा झाला तर तुमच्या एएम४ सॉकेटला जपून. पिना प्रोसेसरला आहेत, आणि लॅच बंद असतानाही तो कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. गरम करून, फिरवून, मगच वर.

खटपट्या:
फ्रेमड्रॉप, एक राहिलं. बायॉस अपडेट केलात की पीएल१, पीएल२ आणि ऑफसेट परत ऑटोवर जातात. बायॉसच्या प्रोफाइलमध्ये जतन केलेलं नव्या आवृत्तीत बऱ्याचदा चालत नाही, त्यामुळे त्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि अपडेटनंतर पॅकेज पॉवर एकदा बघा.